एकोणीसशे तेराचा पांढरा रंग

मी बोलतोय बहारीनमधल्या सनाबिसच्या एका फ्लॅटच्या शोकेसमधून. डावीकडे फुलांचा टी-सेट, उजवीकडे मक्केहून आणलेल्या झमझमच्या पाण्याची बाटली आणि मध्ये मी, एक जुना चामड्याचा फुटबॉल. माझ्यात आता हवा नाही, पोटात चिंध्या भरून मला गोल ठेवलंय. वयाची शंभरी उलटून दहा-बारा वर्षं झाली. या वयात नीट बसता येतंय, हेच पुष्कळ.

अठरा तुकडे मेणाच्या दोऱ्याने शिवून मला घडवलं. आत रबराचा फुगा होता आणि तोंडाला बुटासारखी नाडी. त्या नाडीवर डोकं आपटलं की कपाळ फुटायचं, म्हणून खेळाडू मला डोक्याने मारायला भ्यायचे. अब्बासमियां परकार मात्र भ्यायचे नाहीत. त्यांच्या कपाळावर माझ्या नाडीची खूण होती आणि ती ते कौतुकाने दाखवायचे.

अब्बासमियां दाभोळचे. मुंबईला माझगावच्या गोदीत बोटी दुरुस्त करायचे. गोदी कामगारांच्या पाच-सहा क्लबांची मिळून एक लीग होती. त्यांचा 'दर्या क्लब' १९१२ साली ती जिंकला. क्लबची रीत अशी, की शेवटची मॅच ज्या चेंडूने जिंकली त्याच्यावर साल रंगवायचं. गोदीतल्या रंगाऱ्याने बोटीच्या पांढऱ्या रंगाने माझ्या एका गालावर '१९१२' लिहिलं.

पुढच्या वर्षी अब्बासमियां म्हणाले, "शेवटची मॅच ह्याच म्हाताऱ्याने खेळायची." एका वर्षात मी म्हातारा! पण लीग पुन्हा आमची झाली. रंगारी तेव्हा गावाला गेला होता. मग कुणीतरी सफेदा आणि सरस कालवून माझ्या दुसऱ्या गालावर '१९१३' काढलं. आमच्या पाठोपाठच्या दोन विजयांचा एवढाच काय तो पुरावा. ना फोटो, ना कागद.

नंतर मी दाभोळला खिडकीसमोरच्या उघड्या फडताळात पडून राहिलो. ती वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पुढे अब्बासमियांचा पणतू नझीर नोकरीसाठी बहारीनला निघाला आणि त्याने मला बॅगेत घातलं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला दाबून विचारलं, "शिनू हादा?" हे काय आहे? नझीर म्हणाला, "माझे पणजोबा!" तो अधिकारी इतका हसला, की बाकीची बॅग त्याने उघडलीच नाही.

इथे नझीरने आपल्या माणसांचा क्लब काढला आणि नाव तेच ठेवलं. रत्नागिरीचे, रायगडचे, नागपूरचे, सगळे दर शुक्रवारी बुदैयाच्या मैदानावर खेळतात. गेल्या वर्षी त्यांनी शुक्रवारची लीग जिंकली. या वर्षी शेवटची मॅच उरली होती आणि पोरं धास्तावली होती. नझीरने त्यांना सांगितलं, "पाठोपाठ दोनदा जिंकणं आपल्याला नवीन नाही. शुक्रवारी मी तो चेंडू आणतो. दोन्ही सालं डोळ्यांनी बघा, हातात घ्या, मग खेळा."

"तू अकरा वर्षं नुसतं सांगतोयस," मॅनेजर दशरथ म्हणाला. "आण तरी एकदा."

आता घरची गोष्ट. नझीरची बायको बानू मोठी श्रद्धेची. तिने मन्नत मागितली होती, की लीग दुसऱ्यांदा आली तर अकरा घरी मलिदा वाटीन. दर गुरुवारी संध्याकाळी ती घरभर लोबानचा धूर फिरवते आणि मुलगी अलिनाच्या केसांना खोबरेल लावते. मॅचच्या आदल्या आठवड्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "किती कोरडा पडलायस रे," म्हणून तिने मला मांडीवर घेतलं आणि दरूदची प्रार्थना पुटपुटत लेकराच्या डोक्याला लावावं तसं माझ्या सर्वांगाला तेल चोळलं.

फडकं उचललं तेव्हा त्यात पांढरे कपचे होते. बोटीचा रंग टिकला होता. सफेदा मात्र सगळा गळून पडला. '१९१३' गेलं.

बानूने तो गाल भिंतीकडे फिरवला आणि तीन दिवस नवऱ्याच्या नजरेला नजर दिली नाही. अलिनाच्या ते लक्षात आलं. ईसा टाउनच्या शाळेतून येताना तिने पांढरा मार्कर आणला.

"अम्मी, जस्ट राइट इट अगेन. नोबडी विल नो."

बानूने मार्कर उघडला. बिस्मिल्ला म्हणायला गेली आणि थांबली. "साल खरं आहे गे. पण ज्यांनी ते लिहायचं ती माणसं आपण नव्हे." तिने टोपण लावलं.

सोमवारी तिने रोजा धरला. सूर्य बुडाल्यावर, मगरिबला, खजुराने रोजा सोडला आणि नझीरसमोर मला ठेवून सगळं सांगितलं. नझीर कितीतरी वेळ माझ्या मोकळ्या गालावरून अंगठा फिरवत राहिला.

"शंभर वर्षं टिकलं ते तुझ्या खोबरेलाने गेलं होय गे?"

"ओरडा तरी."

"ओरडून काय रंग येणाराय? सांगितलंस ते बरं केलंस." मग सुस्कारा टाकून म्हणाला, "पण आता दशरथ मला जगू देत नाही."

शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, मला मैदानावर नेलं. दशरथने मला हातात घेऊन उलटंसुलटं फिरवलं.

"काय नझीरभाई, पणजोबांनी एक लीग परत घेतली वाटतं? तेरा मफी, गायब!"

पोरं हसली, पण ते हसू लगेच विरलं. नझीर म्हणाला, "तेल लागलं, रंग गेला. आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर ठेवा."

गाडीपाशी चहाचा थर्मास घेऊन उभी असलेली बानू पुढे आली. "तेल मी लावलं. ह्यांचा काही दोष नाही."

एवढ्यात गोलकीपर सुजीतने मला मागून घेतलं. तेलाच्या मोठमोठ्या टाक्यांवरचा रंग तपासायची त्याची नोकरी. त्याने मला उतरत्या उन्हात तिरकं धरलं आणि डोळे बारीक केले.

"दशरथकाका, इकडे या. चष्मा लावा."

मलाही ठाऊक नव्हतं ते त्याने दाखवलं. शंभर वर्षं ऊन आणि चुलीचा धूर खाऊन माझं कातडं काळवंडलं होतं. पण सफेद्याखालच्या जागेला ऊन लागलंच नव्हतं. आठवडाभरात तेल मुरलं आणि ती जागा फिकट बदामी रंगात वर आली.

"टाकीवर पण असंच होतं," सुजीत म्हणाला. "जुनं नाव खरवडलं तरी खाली वाचता येतं."

दशरथने नाक माझ्याजवळ आणलं. "एक... नऊ... एक... अरे, तेरा आहे की! भाभी, ह्याच्यापेक्षा पक्का पुरावा नाही. आता कुणी खोडूनही जाणार नाही."

"अम्मी, दिसतंय! खरंच दिसतंय!" अलिना ओरडली. इतक्या वर्षांत त्या पोरीच्या तोंडून एवढं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग मी एकेकाच्या हातात फिरलो. प्रत्येकाचा अंगठा त्या फिकट आकड्यांवरून गेला. मॅच एक-एक अशी सुटली, पण बरोबरीही पुरेशी होती. लीग आमची. दुसऱ्या दिवशी अकरा घरी मलिदा गेला आणि पहिला डबा दशरथकडे.

क्लबच्या रीतीप्रमाणे त्यांच्या नव्या चेंडूवर साल रंगवलं. रंग सुजीतने निवडला, तेलाने न जाणारा. माझंही '१९१३' नव्याने उजळू या, असं काहींचं म्हणणं होतं. नझीरने नको म्हटलं. आता मी तोच गाल पुढे करून बसलोय.

वाचकहो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका, असं मी म्हणायला हवं. पण कुणी मायेने लावलंच आणि येऊन कबूल केलं, तर रागावू नका. खरं सांगू? अब्बासमियांनंतर इतका वेळ माझ्या अंगावरून कुणाचा हात फिरला नव्हता.

गुरुवारी बानू अजूनही शोकेसची काच उघडते, लोबान दाखवते आणि हात मागे बांधून मला नुसती बघते. घाबरते बिचारी. मी मात्र वाट बघत असतो. एखाद्या गुरुवारी विसर ते सगळं आणि टेकव की एक बोट, बाई!