पाच सांगाडे

उमाकांत देवस्थळी बोलायला उभे राहिले की बाकीच्यांनी गप्प बसायचं, ही जयपुरातल्या मराठी माणसांची जुनी रीत. विमा कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी उभा जन्म काढला, आणि शिकवलं काय, तर वाचायला. हो, वाचायला! चांगले पदवीधर अधिकारी समोर बसलेले असायचे आणि हा माणूस त्यांना तोंडावर सांगायचा, "तुम्हाला अक्षरं येतात, वाचन येत नाही." माहितीचा कुठलाही मजकूर घ्या, त्याच्या आत सांगाडा असतो, म्हणायचे. सांगाडे पाच. एकात नुसतं वर्णन. एकात आधी हे, मग ते, असा क्रम. एकात दोन गोष्टींची तुलना. एकात कारण आणि त्याचा परिणाम. एकात अडचण आणि तिच्यावरचा उपाय. सांगाडा ओळखला की मजकूर डोक्यात बसला, नाही तर पानभर वाचूनही हाती भोपळा. खोटं नव्हतं त्यात काही, आणि शिकवायचेही झकास. माणूस म्हणून कसे होते, ते मात्र त्यांच्या बायकोला विचारायला हवं.

बायको म्हणजे प्रतिमा. बार्शीहून लग्न होऊन आली, मराठी शाळेतून शिकून बी.ए. झालेली. जवाहर नगरातल्या घराजवळच्या शाळेत प्राथमिक शिक्षिकेची जागा निघाली होती. परीक्षेत उतारे वाचून उत्तरं द्यायची होती. त्या नोकरीवर तिचा फार जीव होता. उमाकांत म्हणाले, "मी शिकवतो ना. मी असताना घाबरतेस कशाला?" पोरीला वाटलं, काय नशीब काढलं आपण!

मग रविवारी केंद्रातले लोक जेवायला यायचे. श्रीखंड-पुरी व्हायची, सुपारीची तबकडी फिरायची, आणि उमाकांत ओल्या हातांच्या बायकोला स्वयंपाकघरातून बोलवून उतारा हातात द्यायचे. "हं, प्रतिमा, सांगाडा कुठला?" ती वाचायची आणि सांगायची, "तुलना." उमाकांत नकारार्थी मान हलवायचे. मग पाहुणेही हलवायचे. ती घाबरून म्हणायची, "मग कारण-परिणाम?" पुन्हा मान. "क्रम?" पुन्हा मान. तोवर कुणीतरी खुदखुदायला लागलेलं असायचं. पाचही सांगाडे संपले की ती पदराला हात पुसत म्हणायची, "मला नाही येत हो." मग सगळे पोट धरून हसायचे आणि उमाकांत म्हणायचे, "असू दे, चहा तरी चांगला करतेस."

परीक्षेच्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोटात दुखतंय म्हणाली. उमाकांतांनी आग्रह केला नाही. त्यानंतर तिने मथळ्याच्या खाली काही वाचलं नाही. मुलगा कौशिक शाळेत जायला लागला, तेव्हाही त्याचा धडा समोर आला की "बाबांना विचार" म्हणायची.

हे सगळं ती विसरलीही असती. बायका विसरतातच, त्यांना दुसरा धंदा काय! पण उमाकांतांच्या निरोप समारंभात हणमंतराव नावाचे त्यांचे जुने सहकारी माइकवर उठले आणि रंगात येऊन म्हणाले, "साहेबांचं घरचं प्रात्यक्षिक कोण विसरेल? आम्हाला आधीच बजावून ठेवायचे, वहिनी काहीही बोलल्या तरी नाहीच म्हणायचं! बरोबर उत्तरावर ज्याला ठाम राहता येत नाही, तो वाचक कसा घसरतो ते बघा म्हणायचे. आणि खरं सांगू? वहिनी पहिल्या फटक्यात बरोबर सांगायच्या. दर वेळी!" सभागृह हसलं. प्रतिमाताईही हसल्या. मांडीवर शाल-श्रीफळ होतं, दुसरं करणार काय? घरी येऊन त्यांनी दुधाला विरजण लावलं आणि नवऱ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलायचं काय? नोकरी गेली, वय गेलं, आणि ज्याने ते घालवलं तो शेजारी बसून सत्काराचे पेढे खात होता.

पुढच्याच हिवाळ्यात उमाकांतांना झटका आला. हात-पाय वाचले, पण वाचा गेली. हळूहळू शब्द परतले, तरी एक खोड राहिली. वाचलेलं डोक्यात टिकेना. वाक्य संपेपर्यंत त्याचं सुरुवातीचं टोक हातून निसटायचं. खातीपुऱ्याहून बोलण्याचे व्यायाम शिकवायला द्वारकाजी यायच्या. त्यांना उमाकांतांची विद्या कळली तेव्हा त्या खूश झाल्या. "तो यही कराइए ना! छोटा लेख पढ़ें, और बताएँ कि बना कैसे है." प्रतिमाताईंना त्यांनी एकच नियम घालून दिला. मध्ये बोलायचं नाही, शब्द सुचवायचे नाहीत. उत्तर आलं की फक्त मान हलवायची, हो किंवा नाही. "इनका अपने ऊपर भरोसा टूट गया है. अभी आपकी गर्दन ही इनका भरोसा है."

मराठी पेपर काही जयपुरात दारात पडत नाही. कौशिक ऑफिसातून लेख छापून आणायचा. आईसमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "मतलब, सोपे वाले आणलेत हं, आई." चहानंतर दोघं गच्चीच्या दाराशी बसायचे. उमाकांत ओळीवर बोट ठेवून वाचायचे, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा. मग भीतभीत म्हणायचे, "अडचण... उपाय?" आणि बायकोकडे बघायचे. असं बघायचे की शत्रूलाही कीव यावी.

प्रतिमाताईंना कीव येत नव्हती. त्यांना राग येत होता, आणि तो भलत्याच जागी येत होता. कारण पान समोर आलं की त्यांना त्याचा सांगाडा आधीच दिसायचा. उमाकांतांचं बोट दुसऱ्या ओळीवर असायचं तेव्हाच दिसायचा. न शिकता, न झगडता, ताटातला भात दिसावा तसा दिसायचा. म्हणजे तेव्हाही दिसतच होता! या विचाराने त्यांच्या अंगाची लाही व्हायची. तरी मान त्यांनी कधी खोटी हलवली नाही. बरोबरला हो, चुकीला नाही. काम म्हणजे काम. उमाकांत सुधारत गेले, आणि खरं सांगायचं तर त्या सुधारणेचा प्रतिमाताईंना अभिमानही वाटायला लागला. शेवटी शिक्षिका झाल्याच की त्या, विद्यार्थी एकच असला तरी.

मग कीर्ती आली. इथल्या मराठी मंडळाच्या तरुण मंडळींतली, आयटीतली, चटपटीत पोरगी. "काका, आमच्या मुलांचं वाचन शिबिर आहे. हिंदीमुळे देवनागरी धडाधड वाचतात हो, पण काय वाचलं विचारलं की आकाशाकडे बघतात. तुमचं सांगाड्यांचं व्याख्यान हवं. छोटंसं. जमेल?"

उमाकांतांचे डोळे भरून आले. "जमेल," म्हणाले. झटक्यानंतर इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

मग काय विचारता! सकाळ नाही, दुपार नाही, सराव. शिबिराच्या दोन दिवस आधी द्वारकाजी प्रतिमाताईंना जिन्यापर्यंत घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ये हो गया तो ये आदमी उठ खड़ा होगा. नहीं हुआ तो फिर किताब को हाथ नहीं लगाएगा. ऐसे केस मैंने देखे हैं." प्रतिमाताई म्हणाल्या, "ऐसे केस मैंने भी देखे हैं." द्वारकाजींना ते कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

शिबिराच्या सकाळी प्रतिमाताईंनी नवऱ्याला नेहरू शर्ट घातला, बटणं लावली, भांग पाडला. उमाकांत म्हणाले, "तू... पुढे बस. दिसशील अशी." त्या पहिल्या रांगेत बसल्या. हॉल भरलेला, मुलं सतरंजीवर, मागे आई-बाप, मोबाइल वर धरलेले. उमाकांत उभे राहिले. पहिले काही शब्द अडखळले, पण मग गाडी रुळावर आली. पाचही सांगाडे सांगितले. मुलं ऐकत होती. प्रतिमाताईंची छाती भरून आली. अगदी खरंच भरून आली, हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुसतं द्वेषाचं वाटेल.

तेवढ्यात उमाकांतांना आपली जुनी गंमत आठवली. चेहरा उजळला. "एक... सांगतो. वाचक ठाम हवा. आमची ही," आणि त्यांनी हात करून प्रतिमाताईंना दाखवलं, "हिला उतारा दिला की... पाचही सांगायची! पाचही! आणि शेवटी..." इथे त्यांनी पदराला हात पुसल्याचा अभिनय केला, "मला नाही येत हो!"

मुलं खदखदून हसली. आई-बापही हसले. मान वळवून वळवून सगळ्यांनी प्रतिमाताईंकडे पाहिलं. एवढा झटका आला, वाचा गेली, पाठ झालेली नावं गेली. ही एक गोष्ट गेली नाही त्याच्या डोक्यातून! प्रतिमाताई हसल्या. पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर, शहाण्यासारख्या हसल्या.

कीर्तीने पडद्यावर उतारा लावला. "आता काका करून दाखवतील, हं!" तलाव आणि बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, यांच्यावरचा साधा मजकूर होता. तलावाचं पाणी उघड्यावर, उन्हात. बावडीचं खोल, सावलीत. तलावाचा काठ रुंद, बावडीला पायऱ्या. मध्येच एक "त्यामुळे" होतं, पण एका शब्दावर भुलायचं नाही हे उमाकांतांनीच मघाशी बजावलं होतं. त्यांनी हळूहळू वाचलं.

"तुलना," उमाकांत म्हणाले, आणि सवयीने बायकोकडे पाहिलं.

प्रतिमाताईंनी मान हलवली. नाही.

उमाकांत गोंधळले. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मग... कारण-परिणाम?"

नाही.

मुलं हसायला लागली. कीर्ती म्हणाली, "बघा हं, काका आपल्याला फसवतायत! बरोबर काय ते तुम्ही ओळखा!" मुलांना चेव आला. "तुलना! तुलना!" म्हणून ती ओरडायला लागली. उमाकांतांच्या कानात ते शिरलंच नाही. त्यांचा भरोसा मुलांच्या गळ्यात नव्हता, पहिल्या रांगेतल्या एका मानेत होता.

"क्रम?" नाही. "वर्णन?" नाही. प्रतिमाताईंची मान अगदी सावकाश हलत होती, ओठांवरचं हसू तसंच होतं. थांबावं असं त्यांना एकदा वाटलं. वाटलं, पण थांबल्या नाहीत. "अडचण... उपाय?"

नाही.

मुलं आता हसत नव्हती. मागच्या आई-बापांनी मोबाइल खाली घेतले होते. उमाकांतांनी माइक तोंडाच्या आणखी जवळ धरला आणि त्यांच्या श्वासाची घरघर हॉलभर ऐकू आली. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली, "तुलना?" असं, लहान मूल दुसऱ्याच्या घरी पाणी मागतं तितक्या हळू. प्रतिमाताईंनी मान हलवली.

"मला," उमाकांत म्हणाले, "मला नाही येत."

कीर्तीने धावत जाऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या फार वाईट वाटल्या. गाडीत कौशिक एकटाच बडबडत होता, "इट्स ओके बाबा, होतं असं." प्रतिमाताई खिडकीबाहेर बघत होत्या. आपल्याला आनंद होईल अशी त्यांची समजूत होती. तोंडाला नुसती कोरड पडली होती.

दुसऱ्या दिवशी चहानंतर त्यांनी तोच उतारा आणून गच्चीच्या दाराशी ठेवला. उमाकांत खुर्चीत होते, पण त्यांनी पानाकडे पाहिलं नाही.

"वाचा," प्रतिमाताई म्हणाल्या.

"नको."

"एकदाच वाचा हो. माझ्यासाठी."

त्यांनी वाचलं. बोट न ठेवता, घाईघाईने. "तुलना," म्हणाले, ते केवळ सुटका व्हावी म्हणून. प्रतिमाताईंनी मान हलवली. हो.

उमाकांत क्षीण हसले. "काल नाही, आज हो?"

"काल खोटं होतं," प्रतिमाताई म्हणाल्या. द्वारकाजींचा न बोलण्याचा नियम त्यांनी मोडला. "पहिल्याच वेळी तुमचं बरोबर होतं. मी मुद्दाम नाही म्हटलं. ऐकताय का? मुद्दाम! तुम्ही मला करायचात तसं."

म्हटलं एकदाचं. आता हा ओरडेल, का म्हणून विचारेल, कदाचित हातातला कप फेकेल. फेकू दे. "का?" असं त्याने एकदा विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. उत्तर कधीपासून तयार होतं, पहिल्या रविवारपासून कालच्या सकाळपर्यंतचं, एकही दुवा न सुटलेलं.

उमाकांतांनी कप खाली ठेवला. मग त्यांचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"मला बरं वाटावं म्हणून," ते अडखळत म्हणाले, "स्वतःवर घेतेस? इतकं... खोटं? तू असं करशील का कधी?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "मी तुझी थट्टा केली. लोकांत. आणि तू... माझ्यासाठी. तुझं मन फार मोठं आहे गं."

"अहो, खरंच सांगतेय मी!"

"बरं बरं," उमाकांत म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि खुर्चीखाली सरकवून दिली. "आता हे नको. पेपर आला की तूच वाचत जा. मला सांग, काय ते. तू सांगशील ते खरं."

त्यानंतर त्यांनी छापलेल्या कागदाला हात लावला नाही. रोज सकाळी प्रतिमाताई हिंदी पेपर उघडतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून मराठीत सांगतात. त्यांना सगळं समजतं. उमाकांत शेजारी बसून ऐकतात, आणि प्रत्येक बातमी संपली की हो म्हणून मान हलवतात.