एका दिव्याची गाडी

दिवस मावळला आहे, रस्त्याच्या कडेला खांब आहेत पण खांबांवर दिवे नाहीत, आणि समोरून एखादी गाडी डोळ्यांत सूर्य ओतत येते आहे. वाचकहो, हा अनुभव तुमच्यापैकी कोणाला नाही? आपण कपाळाला आठ्या घालतो, समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि देवावर भरवसा ठेवून गाडी पुढे दामटतो.

चादरवाला रोज तेच करायचा. घराच्या मागच्या अंगाला त्याची लाँड्री होती. इस्पितळाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे धुवायचे, कडक इस्त्री करायची आणि संध्याकाळी पोचवायचे, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला चादरवालाच म्हणत. मागची सीट काढून टाकलेली एक जुनी गाडी त्याच्याकडे होती. गाठोडी त्या जागेत छतापर्यंत रचली जायची. इस्पितळ कालव्यापलीकडे. कालव्याकडेचा रस्ता अरुंद, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल चर. हिवाळ्यात चादरी उशिरा वाळायच्या आणि अंधार लवकर पडायचा.

एका संध्याकाळी तो घरी आला तो थेट ओट्याशी जाऊन तांब्याभर पाणी प्यायला.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"हातगाडी घेऊन एक म्हातारा चालला होता. दिसलाच नाही गं! अगदी जवळ गेल्यावर दिसला. एवढं अंतर राहिलं असेल." त्याने हाताने दाखवलं. ते अंतर परातीएवढं होतं.

"लागलं का त्याला?"

"नाही. पण आज नाही लागलं, उद्या लागेल. माझ्या हातून कोणी मेलं, तर मी काय तोंड दाखवू?"

खांबांवर दिवे लावा म्हणून त्याने कचेरीत अर्ज दिला होता. तिथला कारकून दर खेपेला खुर्ची द्यायचा, चहा विचारायचा आणि "होईल, होईल" म्हणायचा. भला माणूस होता बिचारा. त्याच्याही हातात काही नव्हतं. संध्याकाळचं काम सोडावं, तर इस्पितळाला सकाळी चादरी लागतात. मग करावं काय? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्याने गाडीला जादा दिवे बसवायचं ठरवलं. चोरून नव्हे हं, रीतसर. गॅरेजवाल्याने दोन दिवे पुढच्या बंपरवर, ठरलेल्या उंचीच्या आत बसवले. मोठ्या झोताबरोबरच ते लागतील आणि डिप्पर दिला, म्हणजे उजेड खाली केला, की आपोआप विझतील, अशी जोडणी केली. वाहन खात्याच्या तपासनिसाने भिंतीवर उजेड पाडून पाहिला, मोजला आणि मान डोलावली. दिवे पास!

त्या आठवड्यात चादरवाल्याची आत्या राहायला आली. आत्या म्हणजे एक प्रकरणच. सगळी हयात तिने प्रवासी बस चालवली. आता निवृत्त झाली तरी कोणाच्याही शेजारी बसली की पाय आपोआप ब्रेक दाबायचा. घरात तिला ब्रेकआत्या म्हणत. पण तोंडावर नाही, कारण आत्याचा हात अजून जड होता.

"आत्या, बघ तरी उजेड!" चादरवाल्याने अंगणात दिवे लावून दाखवले. "कालव्याचा रस्ता आता दिवसासारखा दिसतो."

"तुला दिसतो. समोरच्याचं काय?"

"डिप्पर देतो की! ट्रकला देतो, बसला देतो, मोटारीला देतो."

"आणि दुचाकीला?"

चादरवाला हसला. "अगं, त्या रस्त्यावर एका दिव्याच्या गाडीला कोण डिप्पर देतं? कोणीच देत नाही. रीतच आहे तिथली."

वाचकहो, ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही. पण आपण सगळे ती पाळतो. समोर मोठी गाडी आली की आपला उजेड अदबीने खाली जातो, कारण ती आपल्याला चिरडू शकते. सायकलवाला, स्कूटरवाला आपलं काय वाकडं करणार? त्याने डोळे मिटावेत आणि कडेला व्हावं.

"तपासनिसाला दाखवलेस तेव्हा गाडीत गाठोडी होती?" आत्याने विचारलं.

"गाठोडी कशाला असतील? गाडी तपासायची होती, चादरी नाही."

"हं," आत्या म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं, पण चादरवाला केव्हाच गाठोडी भरायला पळाला होता.

आणि दोनच दिवसांनी व्हायचं ते झालं.

गाडी भरलेली होती. कालव्याच्या वळणावर समोर एक दिवा दिसला. बारीक, हलणारा. चादरवाल्याने मोठा झोत तसाच ठेवला. तो दिवा जवळ आला, डगमगला आणि एकदम रस्त्यावरून नाहीसा झाला. पाठोपाठ पत्रा आपटल्याचा आवाज झाला.

चादरवाल्याने गाडी थांबवली आणि धावत चराकडे गेला. खाली स्कूटर आडवी पडली होती, तिच्याखाली माणूस कण्हत होता. चादरवाल्याने स्कूटर उचलली, माणसाला बसतं केलं, आणि मग त्याचं तोंड पाहिलं.

"भावोजी?" तो माणूस म्हणाला. "बरं झालं तुम्ही आलात. कोणी तरी हरामखोर दिवे पाजळत आला हो... काही दिसेना..."

तो त्याचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. पेठेत त्याचं केस कापायचं दुकान होतं.

"अरे, मीच होतो तो," चादरवाला म्हणाला.

मेहुण्याचं उजवं मनगट मोडलं होतं. इस्पितळात त्याला ज्या खाटेवर निजवलं, तिच्यावरची चादर चादरवाल्याने आदल्याच दिवशी इस्त्री केली होती. घडी अजून मोडली नव्हती. बायको धावत आली, भावाच्या उशाशी बसली आणि नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"दिवे कायदेशीर आहेत गं," चादरवाला पुन्हा पुन्हा सांगत होता. "तपासनिसाने पास केलेत. माझ्याकडे कागद आहे."

"मग तो कागदच गुंडाळा त्याच्या मनगटाला," बायको म्हणाली.

मेहुणा बिचारा खाटेवरून म्हणाला, "ताई, ओरडू नकोस. मी तरी कुठे कोणाला डिप्पर देतो?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आत्याने चादरवाल्याला लाँड्रीमागच्या गल्लीत बोलावलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गाठोडी छतापर्यंत भरलेली. आत्या स्टिअरिंगवर बसली होती आणि शेजाऱ्याची सायकल भिंतीला टेकवलेली होती.

"घे ती सायकल. गल्लीच्या त्या टोकाला जा आणि माझ्याकडे येत राहा."

"आत्या, आता हा काय पोरखेळ?"

"तुला कागद वाचता येतो. आता रस्ता वाच. जा."

तो गेला. सायकलवर बसला आणि निघाला. आत्याने आधी साधा, खाली केलेला उजेड लावला. तरीही चादरवाल्याने मान वळवली. खाली केलेला उजेडही सरळ त्याच्या छातीवर, हनुवटीवर चढत होता.

"आत्या, खाली कर ना!"

"खालीच केलाय! मागे ओझं आहे बाबा. मागचा भाग दबला की गाडी नाक वर करते. रिकामी असताना पास झाली, भरलेली असताना कोणी पाहिली?"

आणि मग आत्याने मोठा झोत लावला.

गल्ली गेली. भिंती गेल्या. सायकलचं हँडल, स्वतःचे हात, सगळं गेलं! उरला फक्त एक पांढरा जाळ. आपण पुढे जातोय की थांबलोय, हेही त्याला कळेना. त्याने घाबरून पाय खाली टेकवला. तिथे जमीन नव्हती. पाय गटारात गेला, पाठोपाठ सायकल आणि तिच्यावर तो.

"आत्या! बंद कर! अगं, बंद कर ना! मला काही दिसत नाही!"

पलीकडून आत्याचा खणखणीत आवाज आला, "एका दिव्याचीही गाडी नाही तुझी! कशाला बंद करू? रीत नाही इथली!"

तो गटाराच्या काठावर डोळे झाकून बसला. समोरच्याचं मन होईपर्यंत आंधळं होऊन बसायचं, याखेरीज त्याच्या हातात काहीच नव्हतं. काल त्याचा मेहुणा असाच होता. त्याच्याआधी किती जण असे कडेला झाले असतील, कोण जाणे!

दिवे विझले. आत्या त्याच्याजवळ येऊन बसली. आता तिचा आवाज मऊ होता.

"मीसुद्धा तीस माणसं पाठीशी घेऊन अंधारात बस चालवलीय. भीती मलाही वाटायची. जादा दिवे लावण्यात पाप नाही रे. अंधारात दिसायलाच हवं. पण कायदा तुझे दिवे तपासून घरी जातो. रोज संध्याकाळी स्टिअरिंगवर तो नसतो, तू असतोस."

"मी मुद्दाम नाही केलं गं, आत्या."

"मुद्दाम कोणीच करत नाही. म्हणून तर थांबत नाही हे."

चादरवाल्याने दिवे काढून टाकले नाहीत. गॅरेजवाल्याकडे या खेपेला तो गाठोड्यांसकट गेला. भरलेल्या गाडीत सगळा उजेड रस्त्यावरच पडेल, असे दिवे खाली झुकवून घेतले, आणि तसेच पुन्हा तपासून घेतले. वेगही कमी केला. कालव्याच्या रस्त्यावर आता त्याला पूर्वीपेक्षा उशीर होतो.

पण सगळंच झुकवून सरळ होत नाही. मेहुण्याचं हाड जुळलं, बोटं मात्र पूर्वीसारखी वळत नाहीत. कात्री धरली की अंगठा आखडतो. दुकानात आता एक कारागीर ठेवलाय. मेहुणा गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. चादरवाल्याला त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता, तर चादरवाल्याला बरं वाटलं असतं.

स्कूटर चालवणं जमत नाही, म्हणून बहिणीकडे आला की परतताना मेहुणा चादरवाल्याच्या गाडीत बसतो. अशाच एका संध्याकाळी समोरून एक मोठी गाडी आली, छतापासून बंपरपर्यंत दिवेच दिवे. चादरवाल्याने डिप्पर दिला. समोरच्याने दिला नाही. पुन्हा दिला. समोरच्याने आणखी एक दिव्यांची ओळ पेटवली.

"लावा तुमचेही, भावोजी!" मेहुणा डोळ्यांवर डावा हात धरून ओरडला. "कळू दे त्याला!"

चादरवाल्याने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मान खाली घातली. ती गाडी धुरळा उडवत निघून गेली. डोळ्यांपुढचे हिरवे ठिपके जाईपर्यंत दोघे अंधारात बसून राहिले.

"तो काही सुधारला नाही," मेहुणा म्हणाला.

"नाही."

"उद्याही असाच येईल."

"येईल."

"मग तुमच्या एकट्याच्या डिप्परचा उपयोग काय?"

चादरवाल्याने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर वळणावर एक बारीक दिवा दिसला. त्याने उजेड खाली केला. स्कूटरवर एक बाई होती, मागे पोर तिच्या पाठीला गाल टेकून झोपलेलं. काही तरी गुणगुणत ती शेजारून निघून गेली. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. तिच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं.

मेहुण्याने मान वळवून तिचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत मागे पाहिलं.

बंधूंनो, भगिनींनो, खांबांवर दिवे कधी लागतील ते आपल्या हातात नाही. समोरचा कधी शहाणा होईल तेही नाही. अंधाऱ्या रस्त्यावर आपल्या हातात फार थोडं असतं. एक बोटभर खटका. जादा दिवे जरूर लावा, कायद्याने लावा, भरल्या गाडीने तपासून घ्या. पण समोर एकच दिवा दिसला तरी तो खटका खाली करा. मोठ्याला वाट देणं ही भीती असते. लहानाला वाट देणं, हीच माणुसकी!