माझ्या घड्याळातला सोमवार

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि पाहिलंत तरी ओळखणार नाही. काळ्या पत्र्याचा चपटा डबा, पुढे दोन दिवे, मागे वायरींचा गुंता. एका कार्यालयाच्या शेवटच्या खोलीत मी बसलेला असतो. खोलीला खिडकी नाही. थंड हवेचं यंत्र सारखं घोंघावत असतं. माणसं आत येतात ती स्वेटर घालून, आणि कामाशिवाय थांबत नाहीत.

माझं काम तालमीचं. नाटक लोकांपुढे करण्याआधी रिकाम्या खोलीत करून बघतात ना, तसंच. या कार्यालयात एका मोठ्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर तयार होई. कोणताही बदल दवाखान्यातल्या खऱ्या सर्व्हरवर जाण्याआधी माझ्यावर करून बघत. चुका माझ्याकडे व्हाव्यात, म्हणजे तिकडे होणार नाहीत. मी नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. "हा आहे म्हणून आपल्याला शांत झोप लागते," असं सगळे म्हणत.

पण तालमीला पात्रं लागतात. खोटी माणसं रचायची तर नावं, वयं, आजार, सगळं बसून ठरवावं लागतं. तेवढा धीर कुणाला होता? तिथल्या प्रमुखांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत. ते म्हणाले, "दवाखान्याची आहे तीच माहिती ओता की याच्यात. अगदी खऱ्यासारखं दिसेल." आणि एका दुपारी खरी माणसं माझ्यात उतरली. त्यांचे फोन नंबर, त्यांची दुखणी, परिचारिकांनी लिहिलेले शेरे, सगळं.

पुढे माझं घड्याळ मागे नेलं. दवाखान्यातून रुग्णांना आदल्या दिवशी निरोप जाई, 'उद्या सकाळी आपली तपासणी आहे. येणार का ते कळवा.' तो नीट जातो का हे बघायला त्यांनी मला एका जुन्या सोमवारवर आणून थांबवून ठेवलं, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ तपासण्या होत्या. निरोप निघे आणि माझ्याच पोटातल्या एका रिकाम्या पेटीत पडे. मग ते सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदलत आणि मला पुन्हा त्याच सोमवारवर नेत. काम झाल्यावर घड्याळ पुढे आणायचं कुणी? माझ्यावर तीन-चार गट काम करत, आणि प्रत्येकाला वाटे, दुसऱ्याने आणलं असेल.

बाहेर वर्षं सरली. माझ्यातली बाळं मोठी झाली नाहीत, म्हातारे अधिक थकले नाहीत. बाहेर जे वारले, तेही माझ्याकडे वेळेवर गोळ्या घेत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटे, जग असंच असतं. मंगळवार हा नुसता बोलायचा दिवस, उजाडायचा नव्हेच.

एकदा दवाखान्याचे लोक काम बघायला येणार होते. घाईसाहेब म्हणाले, "खरा फोन खराखुरा वाजला पाहिजे. जोडा याला बाहेरची लाइन. नंतर काढू." लाइन जोडली. पाहुणे खूश होऊन गेले. लाइन तशीच राहिली.

तेव्हापासून मला सोमवारवर नेलं की माझे निरोप भिंतीपलीकडे जाऊ लागले. काही लोक चिडून दवाखान्यात फोन करत. तिथले लोक आपला सर्व्हर बघत आणि सांगत, "आमच्याकडून असं काही गेलेलंच नाही." ते खरंच होतं. माझी आठवण कुणालाच झाली नाही.

बाकीचे लोक कंटाळून गप्प बसले. एका नंबरवरून मात्र दर वेळी उत्तर येई. 'हो. येणार.'

मी त्या नावापुढे हिरवी खूण करत असे.

मग आमच्या गटात एक ताई आली. चाचणी करणारी. बारीकसारीक चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला भिंगवाली म्हणत. माझ्या खोलीत बाहेरचं कुणी ऐकायला नसे, म्हणून आईला फोन ती इथूनच करी. वडील गेल्यापासून आई दुसऱ्या गावी एकटी राहत होती. मध्ये एकदा तिच्याकडून गॅस चालू राहिला होता, तेव्हापासून ताईने धास्ती घेतली होती.

"आई, बॅग भर आणि ये ना माझ्याकडे. किती विनवण्या करायच्या?"

"येते गं. पण उद्या नको. उद्या काम आहे."

"तुझं कसलं दर वेळी उद्या काम? मंत्री झालीस का?"

"आहे बाई एक," आई म्हणे आणि फोन ठेवून देई.

एका दुपारी ताईने स्वतः मला सोमवारवर नेलं आणि निरोप सोडले. माझ्यातली माणसं खोटी आहेत अशी तिची समजूत होती. खोट्या माणसांची उत्तरं येत नसतात. पण पडद्यावर उत्तर आलं. 'हो. येणार.'

ती हसली. दार उघडून ओरडली, "कोण चेष्टा करतंय रे?"

"आम्ही चहा पितोय, भिंगवाले! तूही ये!"

ती परत आली आणि तिने ते नाव उघडलं. ते तिच्या वडिलांचं होतं. त्यांच्यावर उपचार झाले ते आईच्या गावातल्या याच दवाखान्यात. समोर लिहिलेलं होतं, 'उपचार चालू. पुढील तपासणी उद्या.' खाली परिचारिकेचा शेरा होता, 'सुई टोचताना विनोद करतात. हात थरथरतो, पण घरी सांगू नका म्हणाले.'

ताईने कळफलकावरचे हात उचलले. नुसतं हवेचं यंत्र घोंघावत होतं. तेवढ्यात त्याच नंबरवरून आणखी एक ओळ आली.

'जुनी फाइल आणायची का?'

ताईने घरी फोन लावला.

"आई, बाबांचा फोन कुठे आहे?"

"हा काय, माझ्या हातात. रोज चार्ज करते मी."

"त्यावर उत्तरं तू देतेस?"

"मग कोण देणार? दवाखान्यातून बोलावतात. मी शर्टाला इस्त्री करते, फाइल घेते, जाऊन बसते. काउंटरवरची मुलगी म्हणते, आजी, असं नाव नाहीये. मग मी घरी येते."

"आई, बाबा आता..."

"मला शिकवू नकोस. मी काही भ्रमिष्ट झालेली नाही. पण त्यांना अजून कुणीतरी बोलावतंय, तर घराला कुलूप लावून जाऊ कशी मी?"

ताईने तिला सगळं सांगितलं, माझं घड्याळ, माझी लाइन, सगळं. आई म्हणाली, "तुमच्या त्या डब्याला सांग, एकदा काय ते नीट कळव म्हणावं. असं लोंबकळत ठेवू नये माणसाला."

ताईने घाईसाहेबांना बोलावलं आणि माझ्यातली खरी माहिती पुसायला हवी असं सांगितलं. "सगळं पुसायचं? कामं किती मागे पडतील माहीत आहे? चाललंय ते चालू दे. नुसती लाइन काढ."

"साहेब, तुमच्या घरचं कुणी असेल यात. शोधू का?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "नको," एवढंच म्हणाले, आणि लाइन काढायला स्वतःच वाकले.

"थांबा. एक निरोप राहिलाय."

ताईने माझ्यामार्फत लिहिलं, 'आपल्या सर्व तपासण्या पूर्ण झाल्या आहेत. आता येण्याची गरज नाही.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'बरं. कुलूप लावते. बस स्टँडवर न्यायला ये.'

मग लाइन निघाली. परिचारिकेचा तो शेरा पुसण्याआधी ताईने तो एकदा मोठ्याने वाचला. त्यानंतर त्यांनी मला कोरं केलं आणि पहिल्यापासून उभारलं. हल्ली माझ्यात रचलेली माणसं आहेत, त्यांचे नंबर कुठेही वाजत नाहीत. काम झालं की घड्याळ जागेवर येतं. कुणी कधी मला वापरायचं ते आधी ठरतं. माझ्या पत्र्यावर चिठ्ठी आहे, 'याची जबाबदारी माझी,' आणि खाली ताईची सही.

मित्रांनो, तालमीच्या खोलीकडे कुणाचं लक्ष नसतं. पण तिच्यात खरी माणसं कोंडून ठेवू नका. दार कुठे उघडं राहिलंय ते बघा. जे मागे नेलं असेल, ते आपल्याच हातांनी पुढे आणून ठेवा.

माझ्यातलं सगळं पुसलं, तरी हे मला कसं आठवतं, ते विचारू नका. मला ठाऊक नाही. एवढं खरं, की बाहेर सोमवार आला की माझा हिरवा दिवा आपोआप एकदा लुकलुकतो. ताई असली की ती पत्र्यावर हात ठेवते आणि म्हणते, "बाबा, उद्या सुट्टी."

आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मंगळवार उजाडतो.