रश्श्याचं माप

"थांब आई, हळद टाकू नकोस. आधी डबा काट्यावर ठेव."

आईने हळदीचा डबा काट्यावर आपटला. आकडे थरथरून स्थिर झाले, तसे त्याने ते वहीत उतरवले.

"सोनं तोलतोयस का रे?" टेबलाशी बसलेली ताई म्हणाली. "या मिलिग्रॅमला आवरा कुणीतरी."

मिलिग्रॅम हे त्याचं घरातलं नाव. दुकानांतले, दवाखान्यांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. पण आज परीक्षा काट्याची नव्हती. वडील जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून आईचा कांदा-बटाट्याचा रस्सा बिघडला होता. ज्या रश्श्याचं पातेलं भावंडं पुसून खायची, तो आता ताटात नुसता पिवळा पडून राहायचा. खोटं कौतुक आईला लगेच कळे. "माझ्या हाताची चव गेली," असं म्हणून तिने सोमवारपासून बाहेरचा डबा लावायचं ठरवलं होतं.

आई स्वयंपाकघरातून उठणार, हे काही त्याला सहन होईना. ताईच्या लग्नाच्या वेळी, शिकाऊ असताना, हौसेने त्याने आईच्या रश्श्यातला एकेक जिन्नस तोलून लिहून ठेवला होता. आईचा हात अजूनही तेवढंच टाकतो, हे त्याला तिला दाखवून द्यायचं होतं.

रस्सा झाला. त्याने तेव्हाचं आणि आजचं, दोन्ही पानं शेजारी ठेवली. मिठात अर्ध्या ग्रॅमचा फरक, बाकी सगळं जुळत होतं.

"बघ! हात तोच आहे तुझा."

आईने चमचाभर रस्सा तोंडात घेतला. "आणि चव?"

त्यानेही घेतला. वही मिटली.

"सोमवारी डबा येईल," आई शांतपणे म्हणाली.

यंत्र ठीक असून माप चुकत असेल, तर यंत्राच्या आजूबाजूला बघायचं, ही त्याच्या धंद्यातली रीत. "आई, पूर्वी तू कसा करायचीस? अगदी पहिल्यापासून सांग."

"कसा म्हणजे? कांदा फोडणीत पडला की खालच्या दाराची बेल वाजायची. यांनी जन्मात त्या दाराची किल्ली नेली असेल तर शपथ! मग तीन जिने उतरा, दार उघडा, पुन्हा चढा. तोवर कांदा बुडाला लागलेला. रोज चिडायचे मी. मग खरवडून तसाच ढवळायचे..."

बोलता बोलता ती थांबली.

"मग आता मुद्दाम लागू दे की," ताई म्हणाली.

"समोर उभं राहून कोण करपवतं गं? हात आपोआप ढवळतो."

त्याने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "नवा कांदा चीर. मी खाली जातो."

"अरे, तिचे गुडघे!"

"गुडघ्यांचं माझं मी बघेन," आई ताईला म्हणाली. "तू फक्त पातेल्याला हात लावू नकोस."

कांदा चिरून फोडणीत पडण्याइतका वेळ तो खाली उभा राहिला. मग बेल दाबली. पहिल्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन आल्या.

"किल्ली विसरलात वाटतं?"

"हो. पण तुमची किल्ली नका काढू. थांबा जरा, आई येतेय."

आत चपला वाजत होत्या. प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या. दार उघडलं. आईला धाप लागली होती, कपाळावर आठ्या होत्या.

"एक दिवस तरी किल्ली न्याल का हो?"

ते जुने शब्द तोंडातून गेल्यावर ती कठड्याला धरून तशीच उभी राहिली. बाई खाली मान घालून आत गेल्या.

"चल," ती म्हणाली आणि वळून चढू लागली. तो तिच्या मागोमाग, एकेक पायरी. वरून वास यायला लागला होता. घाई दोघांनाही नव्हती.