बापलेकीच्या डावातलं घड्याळ

मी बुद्धिबळाचं जुनं घड्याळ आहे, मित्रांनो. मला तबकड्या दोन, दोघा खेळाडूंना एकेक. चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची; आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. मी कोणाच्याच बाजूचा नाही. रडारड पाहिली, देवाचा धावा ऐकला; काटा कोणासाठी थांबवला नाही.

कैलास नालवाडीत सायकली दुरुस्त करतो. एका बंद पडलेल्या मंडळाच्या अडगळीतून त्यानं मला आणलं, साफ केलं आणि सात वर्षांच्या लेकीसमोर, अपेक्षासमोर ठेवलं. दुकानाच्या फळीवर रोज डाव मांडला जाई. पोर भारी हुशार निघाली. ती बापाला घाम फोडायची आणि बापाची छाती फुगायची.

पण कैलासचा खेळ गावचा. त्यात प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं होतं. स्पर्धेत मात्र कुठेही वजीर मागता येतो. अपेक्षाला हे ठाऊक होतं. तरी अकराव्या वर्षी, जिल्हा निवडीच्या शेवटच्या डावात, तिचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं आणि हातानं सवयीनं घोडाच ठेवला. ठेवला तो ठेवला, बदलता येत नाही. वजीर असता तर डाव जिंकलाच होता. तो बरोबरीत सुटला. अर्ध्या गुणानं संघ हुकला. घड्याळ घरूनच न्यावं लागे, त्यामुळे मी तिथंच टेबलावर टिकटिकत होतो.

पोर दोन दिवस रडली आणि पुन्हा खेळायला लागली. कैलासनं मात्र ते जिवाला लावून घेतलं. आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं, म्हणून तो परत तिच्यासमोर बसलाच नाही. तिला वर्ध्यात चांगले गुरू मिळाले, राज्य स्पर्धा झाल्या, मानांकन आलं. चावी न लागणारी, आकड्यांची घड्याळं आली. मी पंक्चरच्या डब्यामागे धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

परवा अपेक्षा नोकरीसाठी पुण्याला निघाली. गाडीला तीन तास होते. तिनं मला शोधून चावी दिली, फळीवर डाव मांडला आणि बापाला बसायला सांगितलं.

"माह्यं शिकवणंच तुले नडलं, पोरी," कैलास म्हणाला. "आता काय खेळू?"

"घोडा मी ठेवला होता, बाबा. तेरा वर्सं तुमी काऊन शिक्षा भोगून राह्यले? मले तुमच्यासंगंच खेळाचं होतं."

कैलासनं हात फडक्याला पुसले आणि बसला.

प्रत्येक चालीला तो फार वेळ घेई. शेवटी त्याच्या तबकडीवरचा लाल झेंडा पडला. झेंडा पडला म्हणजे वेळ संपला, डाव गेला. पण तसं समोरच्यानं बोलून दाखवावं लागतं. अपेक्षानं झेंडा पाहिला. कैलासनंही पाहिला.

"तुमची चाल, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अडगळीत टाकू नका. अधूनमधून चावी द्या, धूळ पुसा. आणि मुख्य म्हणजे, समोर कोणाला तरी बसवा. एकट्याला माझा काही उपयोग नाही.