गेलो अन् आलो

"तिसरं शिंग कुठी गेलं? मी इचारून राह्यलो, तिसरं शिंग कुठी गेलं याचं?"

विठ्ठलराव उभे राहून टीव्हीकडे बोट रोखत ओरडत होते. उभं आयुष्य एसटीचं स्टिअरिंग धरलेला हा माणूस आता सत्तरीला टेकला होता, आणि रहमतच्या केबलच्या दुकानात, मांडी घालून बसलेल्या पोरांच्या मधोमध, एका राक्षसाच्या शिंगासाठी भांडत होता.

"काका, बसा ना. मांगच्याईले दिसून नाई राह्यलं," रहमत म्हणाला. "मी थोडीच बनवली सिरियल? मी फक्त वायर जोडतो."

दोन हजार सहा सालचा हिवाळा तोंडावर आला होता. बोरी अरबमध्ये दिवसातून बारा-बारा तास लाइट जायची. रहमतकडे जनरेटर होता, म्हणून रविवारी सकाळी अर्धी गल्ली त्याच्या दुकानात येऊन बसायची. ढेपाळासुराची मालिका सुरू झाल्यापासून तर पाय ठेवायला जागा नसायची. ढेपाळासुर म्हणजे जुन्या गोष्टीच्या पुस्तकांतला एक आळशी, ढेरपोट्या राक्षस. त्याला तीन शिंगं. मधलं वाकडं, त्यावर तो धोतर वाळत घालायचा. गावातल्या तीन पिढ्यांनी ती पुस्तकं वाचली होती, आणि सगळ्यांनी ती शीलाताईंच्याच वाचनालयातून नेली होती.

विहाराला लागून असलेल्या खोलीतलं ते वाचनालय शीलाच्या वडिलांनी, धर्मपालांनी, सुरू केलं होतं. ते गेल्यावर शीला ते चालवू लागली. लग्न झालं नाही, म्हातारी आई आणि ही पुस्तकं, एवढाच तिचा संसार. दर रविवारी दुपारी ती पोरांना मोठ्यानं वाचून दाखवी. ढेपाळासुराचा आवाज ती पोटातून काढायची, घोगरा आणि झोपाळू. टीव्हीवरचा ढेपाळासुर मात्र हिंदी सिनेमातल्या गुंडासारखा बोलायचा. तिला ते आवडलं नव्हतं, पण पोरं खूश होती म्हणून ती गप्प होती.

त्या रविवारी गोष्ट होती टिनपाट राजाची. यमाच्या दूतांनी चुकून त्यालाच उचलून नेलेलं असतं, आणि आपल्या दोस्ताला परत आणायला ढेपाळासुर पाताळात उतरतो. पुस्तकात तो खेकड्याच्या बिळातून जातो. पोट अडकतं, सगळा गाव त्याला मागून ढकलतो, आणि ढकलता ढकलता गावातली जुनी भांडणंही मिटतात. हे पान वाचताना पोरं हसून लोळायची.

टीव्हीवर बीळ नव्हतं. ढेपाळासुरानं कमरेची एक हिरवी बाटली काढली, झाकण दातानं उघडलं आणि घटाघटा प्यायला. डोळे फिरवले, पाय ताठ केले, धपकन पडला. मग ढोल वाजले, धूर निघाला, आणि टिनपाट राजाचा हात धरून तो हसत उठला. "गेलो अन् आलो!"

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शीलाची नजर त्या बाटलीवरच राहिली. तसल्याच हिरव्या बाटल्या, तसल्याच झाकणाच्या, गावातल्या प्रत्येक घरी कोनाड्यात, वळचणीला, गुरांच्या कोठ्यात पडलेल्या असायच्या. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारून उरलेल्या कीटकनाशकाच्या. आणि त्या गेल्या दोन-तीन वर्षांत कोणकोणत्या घरी कशासाठी उघडल्या गेल्या, ते इथं बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं.

भिंतीशी बसलेल्या सुखीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उठून गेल्या. त्यांच्या जावयाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"बीळ कुठी गेलं?" विठ्ठलराव एकदम म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं. "सारी गोष्टच सत्यानाश केली लेकाच्याईनं!" आणि मग सगळेच सुटका झाल्यासारखे बोलू लागले. बिळाबद्दल, शिंगाबद्दल, धोतराच्या रंगाबद्दल.

दुपारी वाचनालयाबाहेरच्या रस्त्यावर पोरांचा खेळ सुरू झाला. एकेक पोरगा पाण्याची बाटली तोंडाला लावायचा, ताठ होऊन धुळीत पडायचा, बाकीचे ढोल वाजवायचे. "गेलो अन् आलो!" शीलानं दोनदा बाहेर जाऊन दटावलं. पोरं पांगली आणि पलीकडच्या लिंबाखाली पुन्हा जमली.

विठ्ठलरावांना मूळ प्रकरण आत्ताच्या आत्ता वाचायचं होतं. ते चष्मा पुसत बसले होते. शीला कपाटातून पुस्तक काढत असताना वैष्णवी येऊन उभी राहिली. कोकिळेची पोरगी, आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. मागच्या वर्षी, पोळा झाल्यावर, तिचा बाप गेला होता.

"ताई, पुस्तकात थो बिळातून जाते. टीव्हीत औषध पिऊन जाते. खरं कोणतं?"

"पुस्तकातलं खरं व माय."

वैष्णवीनं विचार केला. "पण आपल्या गावात एवढं मोठं बीळ नाई ना."

"नाई," शीला हसून म्हणाली. तेवढ्यात विठ्ठलरावांनी विचारलं, "सापडलं का तिसऱ्या भागात?" आणि ती पान शोधायला वळली.

पान सापडलं. तिनं वाचायला सुरुवात केली, आणि दोन ओळी वाचून थांबली. पोरीचं शेवटचं वाक्य तिच्या कानात आत्ता उतरलं होतं. तिनं मान वर केली. दारात कुणी नव्हतं.

ती पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. "संघदीप, वैष्णवी कुठी गेली रे?"

धुळीत पालथा पडलेला संघदीप डोळे न उघडताच म्हणाला, "घरी गेली. आमच्यात खेळत नाई म्हणे थे. बाबाले घेऊन येते म्हणे."

शीला धावली. पुस्तक कुठं पडलं ते तिला कळलं नाही. चपला वाटेत सुटल्या. मागून विठ्ठलराव "काय झालं? शीलाताई, काय झालं?" म्हणत लंगडत येत होते, पण त्यांना काही सांगावं एवढा श्वास तिच्याजवळ नव्हता. लहानपणी विंचू चावला तेव्हा जशी कळ पायातून वर चढत गेली होती, तशी भीती तिच्या अंगात चढत होती. वाटेतलं प्रत्येक घर तिला दिसत होतं आणि प्रत्येक घराच्या वळचणीला काहीतरी हिरवं दिसत होतं.

कोकिळा कापूस वेचणीला गेली होती. दाराला आतून कडी.

"वैष्णवी! दार उघड! वैष्णवी!"

आतून आवाज नाही. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारची म्हातारी रामीबाई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "आत्ताच तं आमच्या कोठ्यातून काहीतरी घेऊन गेली पोट्टी. मी म्हटलं, खेळाले नेलं असन."

शीला घराच्या मागच्या बाजूला गेली. मागं कुडाची भिंत होती. ती कशी चढली, ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. फक्त तळहातातले काटे आठवत राहिले. अंगणात, चुलीच्या मागं, वैष्णवी बसली होती. पुढ्यात बाटली. झाकण उघडलेलं, बाजूला ठेवलेलं.

"पेली का? सांग, पेली का तू?"

पोरगी बोलेना. डोळे उघडे होते, पण ती कुठंच पाहत नव्हती. शीलानं बाटली लांब सारली, तिचं तोंड उघडलं, जीभ पाहिली, ओठ हुंगले, पुन्हा हुंगले. तिला काहीच समजेना. सगळीकडे तोच वास होता. पोरीच्या तोंडाला येत होता की हवेला, की तिच्या स्वतःच्या हातांना.

"सांग व माय! पेली का?"

"वास आला," वैष्णवी म्हणाली. अगदी हळू.

"अन् मंग?"

"त्या दिवशी आलता थोच वास हाय." आणि मग तिचं अंग कापायला लागलं. दात वाजू लागले. "मले उठताच नाई आलं ताई. मले भेव लागलं. मी नाई जाऊ शकली."

शीलानं तिला उचललं. आठ वर्षांचं ते पोर तिनं कडेवर घेतलं आणि पायानं कडी उडवून दार उघडलं. विठ्ठलरावांचा आरडाओरडा ऐकून रहमत मोटारसायकल घेऊन दारात पोचला होता. तिघं सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, हातपाय साबणानं धुवायला लावले, अंगावरचा फ्रॉक काढायला सांगितला. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मग म्हणाले की पोटात काही गेलेलं नाही. ते तीनदा सांगितलं तरी शीलाचा विश्वास बसेना. ती पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली होती.

कोकिळा शेतातून थेट तिथंच आली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले. तिनं पोरीला जवळ घेतलं नाही, रडलीही नाही. लांबूनच तिच्याकडे पाहत राहिली, जणू हात लावला तर ती नाहीशी होईल.

"घरातल्या साऱ्या फेकल्या होत्या मी," ती म्हणाली. "त्या दिवशीच. नाल्यापलीकडे खड्डा करून पुरल्या."

"रामीबाईच्या कोठ्यातली होती," शीला म्हणाली.

कोकिळेनं मान हलवली. "आता किती घराईतून फेकू मी, ताई?"

शीलानं पोरीच्या नाकाशी धरलेलं बोट काढलं नाही.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा ती दुकान उघडण्याआधीच रहमतच्या दारात उभी होती.

"आज लावू नको रहमतभाऊ."

रहमतनं शटर अर्धं वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. "ताई, सारा गाव अंगावर येईन माह्या. अन् मी बंद केलं तरी दारव्ह्यात दिसन, नेरमंदी दिसन. साऱ्या मुलखात चालू हाय ते."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"इथलं तं बंद कर."

घरात त्याचीही लहानी नाहिद होती. मग तो आत गेला.

लोक जमले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. "वायर तुटली," रहमत म्हणाला, पण त्याला खोटं बोलता येत नसे. गलका वाढला. कुणीतरी जनरेटरला लाथ मारली.

"वायर नाई तुटली," शीला पुढं होऊन म्हणाली. "मी बंद कराले लावली."

"तुमच्याच पुस्तकाची गोष्ट हाय ना ताई? पोट्टे खूश होऊन राह्यले, तं तुमच्या पोटात काहून दुखते?"

"शिंग चुकलं म्हणून अख्खी सिरियलच बंद?"

तिला बोलायचं होतं, पण कोकिळेच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायची नव्हती. ती तशीच उभी राहिली, खालमानेनं, बोलणी ऐकत. तेव्हा विठ्ठलराव उठले. शिंगासाठी सगळ्यांत जास्त तेच भांडले होते आणि एकही भाग त्यांनी चुकवला नव्हता. त्यांनी दुकानाची पायरी उपरण्यानं झटकली आणि तिच्यावर बसले.

"ज्याले टीव्ही पाह्याचा त्यानं दारव्ह्याले जावं," ते म्हणाले. "एसटी हाय. मले शीलाताईच्या तोंडून ऐकाचं हाय. वाचा ताई. मोठ्यानं वाचा, मले कमी ऐकू येते."

काही लोक शिव्या देत निघून गेले. काही पोरंही गेली. उरली ती रस्त्यावर बसली.

शीलानं आंघोळीचं प्रकरण काढलं: ढेपाळासुर जन्मात पहिल्यांदा आंघोळीला निघतो, आणि त्याला येताना पाहून नदीच उलटी पळत सुटते. घोगरा आवाज काढायला गेली तर रडण्यासारखा आला. पोरं चुळबुळली. ती थांबली, पुन्हा वाचू लागली. नदी डोंगरावर चढून बसली तेव्हा संघदीप पहिल्यांदा हसला. मग दुसरं कुणी हसलं.

पान उलटताना तिनं वर पाहिलं. गर्दीच्या कडेला कोकिळा येऊन बसली होती, वेचणीला न जाता, वैष्णवीला पुढ्यात घेऊन. गोष्टीकडे तिचं लक्ष नव्हतं. तिनं आपल्या लुगड्याचा पदर पोरीच्या फ्रॉकच्या नाडीला बांधला होता, घट्ट, दुहेरी गाठ मारून. पोरगी हसली की पदराला हिसका बसे, आणि दर हिसक्याला कोकिळेचा हात चटकन गाठीवर जाई.