अकरावा डबा

जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत नकला उतरवणाऱ्या बाईचं अक्षर इतकं सुरेख, की हेडक्लार्क ते आल्यागेल्याला दाखवायचा. पण सुरेख अक्षर काढायचा एक फायदा फक्त तिलाच ठाऊक होता. त्या नादात मजकुराकडे लक्ष द्यावं लागत नाही. गिरणीत दगावलेल्यांचं पान समोर आलं की पहिल्या नावापुढे, कारणाच्या रकान्यात ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असं लिहायचं आणि खाली पानभर दोन-दोन टिंबं देत जायचं, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. कचेरीत सगळेच तसं करत. त्यातली एक जोडी तिच्या वडिलांची होती. जुन्या वह्या नव्याने उतरवताना ती टिंबं तिनेच दिली होती.

वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तापाने फणफणली होती. रात्रभर ते तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसले, सकाळी सहाला कामावर गेले आणि संध्याकाळी यंत्राच्या पट्ट्यात सापडले. कोणी विचारलं की आई एवढंच म्हणे, “त्यांचं लक्षच नसायचं कामात.” ते ऐकलं की मुलगी मान खाली घाली. लक्ष का नव्हतं, हे तिला माहीत होतं. एकोणीस वर्षं तिने ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

अशा कचेरीत एके दिवशी निवृत्त गणितमास्तर येऊन ठेपले. गावाने त्यांचं नाव ‘का-मास्तर’ ठेवलं होतं, कारण समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ते “का?” विचारून मोकळे व्हायचे. माणसं एकत्र राहिली की त्यांचं जे काही होतं, त्याचं शास्त्र असलं पाहिजे, असं खूळ म्हातारपणी त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. ग्रहताऱ्यांचं असतं, दगडधोंड्यांचं असतं, मग माणसांचंच का नसावं? तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या मंडळासमोर त्यांना हे पटवून द्यायचं होतं. हेडक्लार्क म्हणाला, “बेरजा संपल्या म्हणून आता मेलेली माणसं मोजताहेत.” आणि मदतीला म्हणून बाईला त्यांच्या गळ्यात बांधून तो मोकळा झाला.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी टिंबांच्या पानावर बोट ठेवलं. इतक्या माणसांना एकच खोड कशी, असं त्यांनी विचारलं. तिने पद्धत समजावून सांगितली. ते रागावले नाहीत. फक्त मूळ वह्या मागितल्या. त्या माळ्यावर होत्या. त्यांत वेळेचाही एक रकाना होता आणि नकलेच्या छापील कागदात तो नव्हता, म्हणून कोणी कधी उतरवलाच नव्हता.

मग मास्तरांनी बिस्किटांचे बारा रिकामे डबे आणले. गिरणी सहा ते सहा, म्हणून तासाला एक डबा. तिने वहीतून वाचायचं, त्यांनी चिठ्ठी लिहायची आणि त्या त्या तासाच्या डब्यात टाकायची. मधल्या सुट्टीत ते याच शास्त्रामागे लागलेल्या परदेशातल्या आपल्या गोतावळ्याच्या गोष्टी सांगत. कानांनी ऐकू न येणारी एक बाई परक्या मुलखात हिंडली आणि लोकांचं वागणं कसं पाहावं, याचे नियम लिहून गेली. एकाने या शास्त्राला नाव दिलं, बाकीच्यांनी नावं ठेवली. यातल्या एकालाही मास्तर कधी भेटले नव्हते, पण असं बोलत, जणू सगळे शेजारच्या आळीतच राहतात. तिला आधी हसू येई. मग ती घरी जातानाही त्यांच्याच तोऱ्यात “का?” विचारू लागली. असा माणूस तिने पाहिला नव्हता. प्रत्येक चिठ्ठी टाकण्याआधी ते मेलेल्याचं नाव एकदा हळूच वाचत. हिशेबाला त्याची काही गरज नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी वडिलांचं पान आलं. तिने नाव वाचलं, वय वाचलं. “पाच वाजायला वीस मिनिटं कमी,” ती म्हणाली. हे तिचे वडील, याची मास्तरांना कल्पना नव्हती. त्यांनी नाव हळूच उच्चारलं आणि चिठ्ठी अकराव्या डब्यात घातली. तो इतका भरला होता, की त्यांना ती अंगठ्याने दाबावी लागली. पहिल्या डब्याचा तळही झाकला नव्हता. बाराव्यात बेताच्याच होत्या, कारण साडेपाचला यंत्रं थांबवून झाडलोट सुरू व्हायची.

“म्हणजे हा माणूस निष्काळजी नव्हता?” तिने विचारलं.

“एकट्या माणसाचं मला सांगता येत नाही, बाई. पण दहा तास राबल्यावरचा हा डबा एकट्याने भरलेला नाही.”

तेव्हा तिने सांगून टाकलं. हे आपले वडील, आपला ताप, ओल्या घड्या, त्यांचं रात्रभराचं जागरण, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा का-मास्तरांनी “का” विचारलं नाही. त्यांनी अकरावा डबा उचलला आणि तिच्यासमोर टेबलावर पालथा केला.

“सत्त्याण्णव आहेत,” ते म्हणाले. “या सगळ्यांच्या घरी आदल्या रात्री पोर तापलं होतं का?”

ती त्या ढिगाकडे बघत राहिली. मग टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली आणि मास्तर चष्मा पुसत खिडकीशी उभे राहिले. पुढे मंडळाने त्यांना जिन्याखालची एक खोली दिली आणि ते ती राजवाडा मिळाल्यासारखी मिरवत राहिले. पण त्या दुपारी तिच्यापुरतं त्यांचं शास्त्र सिद्ध झालं होतं.

कचेरी सुटताच ती तडक घरी गेली. आई कपड्यांच्या घड्या करत होती. डबे, तास, सत्त्याण्णव, सगळं तिने एका दमात सांगितलं. “आई, बाबांचं लक्ष नव्हतं असं आता म्हणू नकोस,” ती म्हणाली. “आणि माझ्यामुळेही झालं नाही ते.”

आईचे हात थांबले.

“तुला ठाऊक होतं?” तिने विचारलं. “तू झोपली होतीस ना गं?”

“जागी होते.”

आईने हातातला कपडा बाजूला ठेवला. “शेजारणी विचारायच्या, रात्री झोप झाली नव्हती का त्यांची? तुझ्या तापाचं नाव निघू नये, म्हणून मी सगळं तुझ्या बाबांच्याच माथी मारलं. अगं, घड्याळासारखं काम होतं त्यांचं. एवढा लक्ष देणारा माणूस आख्ख्या गिरणीत नव्हता.”

एकोणीस वर्षांत वडिलांबद्दल इतकं चांगलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती आईला खेटून बसली आणि म्हणाली, “अजून सांग.”